शिवलेली पिशवी

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी हार्लन विट्मर घरातून निघाला तो एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आणायला. ओहायोतल्या त्या भागात रात्रभर बर्फ पडून गेला होता, रस्ते नुकतेच मोकळे झाले होते आणि जायचं होतं जेमतेम अकरा मैल. असल्या कामासाठी तो वर्षानुवर्षं असाच निघत आला होता. शाळेच्या साफसफाईत बत्तीस वर्षं काढून माणूस निवृत्त झाला, तरी झाडलोटीचं वेड काही सुटलं नव्हतं. तळघरात एकशे चाळीसच्या वर जुनी मशीनं होती, आणि त्यातलं एकही बंद नव्हतं. प्रत्येकाचा इतिहास त्याने वहीत लिहून ठेवला होता: कुठल्या साली बनलं, कुणाच्या घरी चाललं, काय काय गिळलं.

"इतरांचे नवरे निवृत्त झाले की मासे धरतात," त्याची बायको लोइस म्हणायची. "माझा दुसऱ्यांचा केर धरतो."

एकेचाळीस वर्षांचा संसार होता त्यांचा. मूल नव्हतं. लोइसची जीभ तिखट होती आणि हार्लनला त्या जिभेवाचून करमत नसे. तिच्याशिवाय जगात त्याचं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि त्याला ते कधी जाणवलंही नव्हतं.

ज्या घरी तो गेला ते बंद होऊन दोन महिने झाले होते. म्हातारी हेझल वारली होती आणि तिची भाची, मिसेस टीग, घर रिकामं करत होती. आत डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडला होता. जिन्याखालच्या कपाटातून दोघांनी मिळून मशीन बाहेर ओढलं. दोन पट्ट्यांवर सरकणारं लांबट धातूचं नळकांडं, अडतीस सालचं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. बुडाशी नंबर कोरलेला होता, ४१७०६. हार्लनने झाकण उघडलं. आत कापडी पिशवी होती, भरलेली, आणि तिचं तोंड काळ्या दुहेरी दोऱ्याने बारीक टाके घालून शिवून टाकलं होतं.

"हे कुणी शिवलं?"

"मावशीनेच. एकावन्न साली." मिसेस टीगने हात झटकले. "तिची धाकटी बहीण एफी तिच्यापाशी राहायची. तिला आजार असा काही सापडला नाही, नुसती विरत गेली. शेवटी शेवटी म्हणे चादरीखाली कुणी आहे की नाही ते हात लावून बघावं लागायचं." ती कसंनुसं हसली. "मावशी सांगायची, एफी कुठे गेली नाही, ती पिशवीत आहे. आता म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? तुम्ही मशीन खुशाल न्या, मिस्टर विट्मर, पण पिशवी तेवढी उघडू नका. मी तिला वचन दिलंय."

"नाही उघडणार," हार्लन म्हणाला.

वाईट मनाचा माणूस नव्हता तो, पण हे साफ खोटं बोलला. त्रेचाळीस वर्षं न उघडलेली पिशवी म्हणजे जुनी मशीनं जमवणाऱ्या लोकांना पुरलेला हंडा सापडल्यासारखं. केरावरून त्यांना घर कळतं. गालिचा कसला होता, मांजर होतं का, कुणाचे केस पांढरे व्हायला लागले होते. हार्लन प्रत्येक मशीनचा केर लोणच्यामुरंब्याच्या काचेच्या बरणीत भरायचा, बरणीवर मशीनच्या नंबरची चिठ्ठी लावायचा आणि फळीवर ओळीने मांडायचा. वचन दिलंय ते मिसेस टीगने, आपण नाही, अशी त्याने गाडीतच स्वतःची समजूत घातली.

तळघरात त्याने पातं घेऊन एकेक टाका कापला. वर्तमानपत्रावर केर ओतला. करडा, पिठासारखा मऊ. त्यात लांब तपकिरी केस होते, केसात खोवायचे दोन आकडे होते आणि एक निळं बटण. वास मात्र धुळीचा नव्हता. नुकतंच डोकं धुऊन कुणी शेजारी येऊन बसावं, तसा ओलसर साबणाचा वास होता. खाली वारा शिरायला जागा नव्हती, तरी ढिगाची कड जराशी हलत होती. हार्लनने स्वतःचा श्वास रोखला. कड थांबली. आपल्याच श्वासाने हलत होती म्हणायची, असं मनाशी बोलून त्याने केर बरणीत भरला आणि चिठ्ठी डकवली.

मग मोटर उघडली. तिला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून संपले होते, ते नवे घातले. वायर कुजली होती, ती बदलली. बटण दाबल्यावर मशीन जे सुरू झालं ते इतक्या मऊ, एकसारख्या आवाजात, की हार्लन खुळ्यासारखा हसला. बंद केल्यावर मात्र आवाज चटकन थांबला नाही. लांबत, बारीक होत, कुणी दमून सुस्कारा टाकावा तसा संपला.

दुरुस्त केलेलं मशीन बैठकीच्या गालिच्यावर चालवून बघायचं, ही त्या घरातली रीत होती. लोइस सोफ्यावर पाय वर घेऊन शब्दकोडं सोडवत बसायची आणि शेरे मारायची. त्या दिवशी वळवताना नळीचं तोंड तिच्या हिरव्या स्वेटरच्या बाहीला चिकटलं.

"सोड... हार्लन, बंद कर ते."

त्याने बंद केलं. ती मनगट चोळत बसली.

"लागलं का?"

"लागलं नाही. काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं." मग तीच हसली. "थोडी कमी झाले असेन. बरंच आहे, डॉक्टर कधीचे मागे लागलेत."

मोटर किती तापते ते वहीत नोंदवायचं म्हणून हार्लन पुढे रोज दहा मिनिटं मशीन चालवत राहिला, आणि लोइस रोज तिथेच बसून राहिली. रविवारी ती जेवली नाही. सोमवारी ती जिना उतरली आणि तिसरी पायरी, जी लग्न झाल्यापासून तिच्या पायाखाली करकरत होती, ती करकरली नाही. बुधवारी हार्लनने गालिचा साफ केला, त्यावरून लोइस स्वयंपाकघरात गेली, आणि त्याचं सहज खाली लक्ष गेलं. ताज्या झाडलेल्या लवीवर त्याच्या स्वतःच्या पावलांचे ठसे स्पष्ट उमटले होते. तिचा एकही नव्हता.

"लोइस, जरा परत चालून ये बघू."

"का? आता माझी पण नोंद करणार का वहीत?" ती म्हणाली. पण आवाज इतका लांबून आला की त्याला हसू आलं नाही.

गुरुवारी सकाळी त्याने तिला डॉक्टरकडे नेलं. गाडीत बसवताना तिला कडेवर घ्यावं इतकी ती हलकी लागली. डॉक्टरांनी रक्तासाठी तीन ठिकाणी सुई टोचली, सुईत काही येईना. मोठ्या इस्पितळात उद्याच दाखल करा, असं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना हार्लनच्या डोळ्यांना डोळा दिला नाही.

घरी आल्यावर लोइसला पलंगावर निजवून हार्लन तळघरात उतरला. का उतरला, ते त्याला सांगता आलं नसतं. मिसेस टीगचे शब्द सकाळपासून डोक्यात फिरत होते. त्याने मशीनचं झाकण काढून पिशवी उचलली. पाच दिवसांत फार तर मूठभर केर जमला असता. पिशवी एका हाताला पेलेना. उघडली तर आत करड्या धुळीत हिरवी लोकर होती, चंदेरी केस होते, आणि लोइस रात्री हाताला लावायची त्या बदामाच्या मलमाचा वास होता. गुडघ्यावर बसून त्याने तो केर कण न कण बरणीत भरला. सवय काही सुटली नाही. त्याच मशीनचा केर म्हणून त्याने त्याच नंबरची चिठ्ठी लावली, बरणी फळीवर जागेवर ठेवली आणि वर जाऊन गसला फोन लावला. गस हा मशीनं जमवणाऱ्यांच्या मंडळातला जुना सोबती, असल्या नळकांड्यांतला जाणकार.

"गस, मशीनने ओढलेलं परत द्यायचं असेल तर?"

"परत? अरे, त्याला दोन तोंडं आहेत ना. पुढून ओढतं, मागून फेकतं. नळी मागच्या तोंडाला लाव. कपड्यांना कसर लागू नये म्हणून पूड उडवायचा फवारा असतो बघ, त्याला बरणी फिरवून बसवता येते. दे उडवून. पण केर परत घरात उडवायचा म्हणतोस? लोइस मारेल तुला."

"मारू दे," हार्लन म्हणाला.

"हार्लन..."

वरून लोइसची हाक आली. फोन टाकून तो तळघरात धावला. फवारा शोधला, मशीन बगलेत मारलं, फळीपाशी गेला. आधी नंबर बघायचा, मग वस्तूला हात लावायचा, ही त्याची आयुष्यभराची शिस्त. चार, एक, सात, शून्य, सहा. बरणी उचलली, तशीच फवाऱ्याला फिरवून बसवली आणि जिना चढला.

दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. रजई पलंगावर सपाट पडली होती, उशीवर फक्त चेहरा तेवढा दिसत होता.

"थंडी वाजत नाही बघ," लोइस पुटपुटली. "काहीच... वाजत नाही."

"बोलू नकोस. डोळे मीट."

त्याने नळी मागच्या तोंडाला लावली, फवारा तिच्यावर धरला आणि बटण दाबलं. केर बाहेर आला. तो खोलीत पसरला नाही, खाली बसला नाही. पलंगाच्या वर हातभर अंतरावर लांबट आकारात तरंगत राहिला. साबणाचा वास सुटला. मग तो सावकाश उतरला, आणि रजईवर एक कणही राहिला नाही. हार्लनने मशीन बंद केलं. तो लांबलचक सुस्कारा संपला, आणि त्या शांततेत पलंग करकरला.

"लोइस?"

रजई उचलली गेली. ती उठून बसली. गालांवर लाली होती. आपल्याच हातांकडे तिने वळवून वळवून पाहिलं.

"भूक लागलीय," ती म्हणाली. घसा बसला होता.

हार्लनने तिला मिठी मारली. तिचं वजन अंगावर आलं आणि तो ढसाढसा रडला. ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली, अनोळखी माणसाच्या पाठीवर थोपटावं तसं, हळू. पण त्या वेळी त्याला फक्त वजन कळत होतं. जिना उतरताना तिसरी पायरी करकरली तेव्हा त्याला देव भेटल्यासारखं झालं.

स्वयंपाकघरात तिने कांदे काढले, कढई काढली.

"काडेपेटी कुठे ठेवलीस?"

"कशाला? विजेची शेगडी आहे आपली. वीस वर्षं झाली." तो हसला. गुंगी असेल अजून, असं त्याला वाटलं. त्याने बटण फिरवून दिलं. वेटोळं लाल होताना ती डोळे न हलवता बघत राहिली.

झाल्या गोष्टीची नोंद तरी करावी म्हणून हार्लन वही घ्यायला तळघरात गेला. डोक्यावर छताच्या फळ्यांतून तिची पावलं ऐकू येत होती. दमदार पावलं. ती ऐकत त्याने पेन उघडलं, तारीख लिहिली, आणि नंबर लिहिताना सहज फळीकडे पाहिलं.

फळीवर एक बरणी होती. ४१७०६.

त्याला आधी अर्थच लागेना. बरणी तर वर फवाऱ्याला होती. मग आठवलं, की दोन बरण्या होत्या. मशीन एक, म्हणून नंबर एक. त्याने ती उचलून दिव्याखाली धरली. आत हिरवी लोकर होती. चंदेरी केस होते.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते हार्लनला तेव्हा कळलं. त्याने बरणी दोन्ही हातांनी धरली. काचेवर आतून वाफ धरत होती. वाफ धरायची, विरायची, पुन्हा धरायची. सावकाश, आणि शेवटाला एक छोटासा अडखळा घेऊन. एकेचाळीस वर्षं रोज शेजारी निजलेल्या माणसाचा श्वास होता तो. अंधारातही त्याने तो ओळखला असता.

"लोइस..." तो बरणीला म्हणाला. "मी आहे... मी इथेच आहे."

छतावरची पावलं थांबली. मग दाराच्या दिशेने चालू लागली. तळघराचं दार उघडलं आणि कांद्याचा वास खाली आला.

"खाली काय करतोयस रे?"

"काही नाही. लिहितोय... थोडं."

ती पायऱ्या उतरू लागली. लोइसची चप्पल, लोइसचा हिरवा स्वेटर, लोइसचा चेहरा. कानामागे सारलेली एक बट तेवढी तपकिरी होती. मधल्या पायरीवर ती थांबली आणि तिने हात पुढे केला.

"तेवढीच राहिली ना? दे इकडे. बर्फात रिकामी करून येते."

"नको."

"दे, हार्लन." आवाजात राग नव्हता, नुसती समजूत होती. "त्रेचाळीस वर्षं काढलीत मी... तशा जागेत कुणाला ठेवू नये."

त्याने बरणी छातीशी घट्ट धरली. काच कोमट होती. ती आणखी एक पायरी उतरली. हार्लनने खाली पाहिलं. काचेवरची वाफ विरली होती आणि नवी धरत नव्हती. कुणीतरी जवळ येताना ऐकून माणूस अंधारात श्वास रोखून बसतो, तशी बरणी गप्प झाली होती.