मुंग्या घरात असताना ओ देऊ नये

मुंगी ओळखता येत नसेल तर तिच्यावर औषध मारू नये. सारापिकीच्या या खोऱ्यात घरांतली कीड काढायचा धंदा करत चाळीस वर्षं मी हे ओरडून सांगतोय, आणि चाळीस वर्षं लोक गाढवासारखे डबा घेऊन फवारत सुटतात. मी दोनच वर्षं शाळेत गेलो, पण खाली पडलेला भुसा बघून सांगतो, लाकडात वाळवी आहे की भुंगा. माझा भाचा रोहेलियो शहरात शिकून आला. त्याला झुरळ आणि ढेकूण सारखेच दिसतात.

त्यानंच बोलावलं म्हणून त्या सकाळी मी बहिणीच्या घरी गेलो. माझी थोरली बहीण, एदुविहेस. वर्षभर अंथरुणाला खिळलेली. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. ओठ मिटत नसत, त्यामुळे तिला ‘ब’ म्हणता येत नसे. लहानपणापासून मी तिचा तिबू. त्या वर्षात मी ‘तिऊ’ झालो होतो.

घराची दशा बघून डोकं फिरलं. चुलीमागं झुरळांची वस्ती, दाण्यांत सोंडे, अंगणातल्या संत्र्याचं निम्मं झाड पानं कातरणाऱ्या मुंग्यांनी नागडं केलेलं.

“मामा, शहरातून औषध आणलंय,” रोहेलियो पंप दाखवत म्हणाला. “एका फवाऱ्यात सगळं साफ.”

“त्यात तुझी आईपण साफ. ठेव खाली.”

“मग काय करू? काल तिच्या पांघरुणात विंचू पडला. तुमच्या अंगावर पडला असता म्हणजे कळलं असतं.”

“माझ्या अंगावर पडला असता तर विंचूच मेला असता. ठेव म्हणतो ना!”

आतून ताई हसली. वाकड्या तोंडानं, पण हसली. ते हसू मला अजून आठवतं.

तेवढ्यात रानाच्या कडेला पक्षी कालवा करायला लागले. तपकिरी, बारके, झुडपात खालीच राहणारे. ते कुणाच्या पुढं-मागं असतात हे मला सांगावं लागत नाही. लढवय्या मुंग्या निघाल्या होत्या. लाखोंनी. घराच्याच दिशेनं.

अशा वेळी आमच्याकडे कुणी औषध मारत नाही. दारं उघडायची, पेट्या-कपाटं उघडायची आणि माणसांनी बाहेर पडायचं. दोन-तीन तासांत फौज घर धुऊन काढते. झुरळ नाही, विंचू नाही, कोळी नाही. जिवंत म्हणून काही मागं ठेवत नाही. नियम एकच. फौज आत असताना घरातून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. का, ते मी लहानपणी आईला विचारलं होतं. कानाखाली बसली, उत्तर मिळालं नाही.

“पळ!” मी ओरडलो. मी पुढच्या दारानं कोंबड्या आणि डुक्कर घेऊन निघालो. रोहेलियो मागच्या दारानं, नदीच्या बाजूला. ताईच्या खोलीचं दार मागच्या पडवीत उघडतं, पाठ त्याची तरणी. मला वाटलं, आईला तोच उचलणार.

मी संत्र्याखाली बसलो. ऊन डोक्यावर होतं. पायऱ्या काळ्या झाल्या, मग भिंती. वाळक्या पानांवर पाऊस पडावा तशी सळसळ. आणि तो वास... उन्हात राहिलेल्या मांसासारखा. खिडकीतून झुरळं उड्या टाकत होती आणि खाली पडायच्या आत झाकली जात होती.

मग हाक आली.

“तिऊ...”

मी छातीवर क्रूसाची खूण केली. ताई तर रोहेलियोबरोबर नदीकडं. ही ती नव्हे.

“तिऊ... अंगावर... अंगावर चढतायत रे...”

मी दोन्ही कानांत बोटं घातली. किती वेळ, सांगता येत नाही. बोटं काढली तेव्हा घर गप्प होतं.

घराला वळसा घालून रोहेलियो आला. खांद्यावर पोतं.

“मामा, आई कुठंय?”

“तुझ्याजवळ.”

“माझ्याजवळ दाण्याचं पोतं आहे!” त्यानं माझी गचांडी धरली. “म्हाताऱ्या, तू पुढं होतास! तू नाही आणलीस? तिची हाक ऐकू आली नाही तुला?”

“तुला आली?”

त्याचा हात सुटला. “आली,” तो म्हणाला. “पण... ओ द्यायची नसते ना...”

मी आत घुसलो. पायरीवरच मांड्यांपर्यंत आग लागली. चावतात त्या तशाच लटकून राहतात. ओढली तर धड हातात येतं, डोकं कातड्यातच. खोलीत जमीन हलत होती, भिंत हलत होती. पलंग काळा. चादर काळी.

आणि ताई उठून बसली होती. वर्षभर मान उचलता न येणारी ताई, ताठ.

मुंग्या तिच्या गळ्यावरून, ओठांवरून, उघड्या डोळ्यावरून चालल्या होत्या. एकही चावत नव्हती. दगड-लाकूड आडवं आलं की त्या अशाच चालतात.

“तिबू,” ती म्हणाली. स्वच्छ. “दार लाव रे. उजेड डोळ्यांत येतो.”

रोहेलियो रडला, पाद्रीबाबांनी मेणबत्त्या लावल्या, गाव चमत्कार बघायला आलं. तिसऱ्या दिवशी ती चालायला लागली. याला सहा वर्षं झाली. आता सगळा स्वयंपाक तीच करते.

एकदाच विचारलं. ती चुलीपाशी होती, मी उंबऱ्याबाहेर.

“त्या दिवशी तू मला हाक मारलीस, ताई?”

“मी? छे.” डाव फिरवायची थांबली नाही. “मी नुसती ऐकत होते. बिचारी किती वेळ ओरडत होती.”

त्या घरात आता कीड नाही. दाण्यांत सोंडा नाही, दिव्यावर पाखरू नाही. लढवय्यांची फौज दरवर्षी येते आणि कुंपणाला वळसा घालून जाते. रोहेलियो म्हणतो, “बघा मामा, औषध नाही, काही नाही. तुमचा धंदा बसला!” मूर्ख आहे. या खोऱ्यात किडीशिवायचं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

सहा वर्षं तिच्या हातचं पाणी प्यालो नव्हतो. गेल्या रविवारी रोहेलियोनं दंड धरून नेलंच. “बहीण आहे तुमची, लाज वाटत नाही?” वाटते. म्हणून तर जात नव्हतो. तिनं मांसाचं कालवण वाढलं, गरम गुळाचं पाणी दिलं. शेजारी बसून माझा हात हातात घेतला. चेहरा माझ्या ताईचाच. म्हातारा माणूस किती दिवस एकटा जेवणार? दोनदा वाढून घेतलं.

माझी झोपडी दलदलीच्या काठाला. त्या रात्री मच्छरदाणी सोडायची विसरलो. सकाळी मान बघितली, कान बघितले, पाय बघितले. अंगावर डास चावल्याची एक गांधी नव्हती.

आत्ता हे लिहितोय तर मनगटावर एक डास बसलाय. मी हात हलवलेला नाही. सोंड खाली लावत नाही. नुसता चालतोय.