रेघेच्या आतलं घर

"म्याडम, चप्पल शोधताय की गाव?"

सुनयनाने मान वर केली. खाडीच्या बांधावर एक तरुण मोटरसायकलला टेकून उभा होता आणि तिची फजिती निवांत बघत होता. फजितीही साधीसुधी नव्हती. एक पाय घोट्यापर्यंत चिखलात, काखेत नकाशाची सुरळी, हातात उन्हासाठी आणलेली छत्री... आणि परवाच घेतलेली चप्पल तांबडखारच्या गाळात गडप!

"दोन्ही शोधतेय," ती फणकारली. "तुम्ही नुसते बघत उभे राहणार आहात का?"

"बघायला वाईट नाय तसं..." तो हसला. पण लगेच बाह्या सारून खाली उतरला आणि कोपरापर्यंत हात गाळात घालून त्याने चप्पल ओढून काढली. चपलेचा अंगठा तुटलेला होता. "ही घ्या चप्पल. अन गाव ह्यो तुमच्यासमोर. मी धनेश. धनेश भोईर. अजून काय हरवलं आसंल तर सांगा."

अजून काही हरवलेलं नव्हतं. निदान तेव्हा तरी नाही.

सुनयना महाप्याच्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवर नकाशे करायची. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. तेव्हा असलं काम करणाऱ्या मुलीकडे लोक जरा कौतुकाने आणि जरा संशयानेच बघत. तिच्या वडिलांनी, हौसेरावांनी, साताऱ्याहून येऊन तुर्भ्याच्या बाजारात उभी हयात गोणी वाहिल्या होत्या. 'पोरगी मशीनवर गावं काढती,' असं ते हमालांच्या टोळीत छाती फुगवून सांगायचे. आता तिच्या वाट्याला तांबडखार आलं होतं. भरतीचं पाणी अडवणारा गावाचा जुना बांध खचत चालला होता आणि तो उंच करायचा घाट घातला होता. नकाशात जी घरं गावाच्या हद्दीत दिसतील त्यांना नव्या बांधाचं संरक्षण मिळणार होतं. जी दिसणार नाहीत, ती उठवून दुसरीकडे नेणार होते. म्हणून हद्दीची रेघ ती पायी फिरून बघत होती.

धनेशने तिला बाहेरच्या बांधावरून सगळीकडे फिरवलं. खाडीत बोटासारखी शिरलेली एक चिंचोळी पट्टी होती. तिच्यावर नऊ घरं ओळीने उभी होती. त्यातलं चौथं त्याचं.

"आयचा घर," तो म्हणाला. "बापाने बांधलेला. भरतीला मागच्या पडवीत पाय सोडून बसलं की पानी दिसतं."

ती रेघ सुनयनाने अगदी काळजीने काढली, त्या घरांच्या मागून... पडवीच्याही मागून.

धनेश महाप्याच्याच एका कारखान्यात फिटर होता. पहिली पाळी सुटली की तो तिच्या ऑफिससमोरच्या टपरीवर यायला लागला. सुरुवातीला चपलेचं कसं काय हे विचारायला, मग काहीच न विचारायला. चारच्या चहाला तिची पावलं आपोआप जिना उतरायची. मोनाली, तिच्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, घड्याळाकडे बघून खोकायची. सुनयना ऐकू न आल्यासारखं करायची.

"पन तुमी करता काय नक्की?" एकदा त्याने बशीत चहा ओतत विचारलं.

"हे बघा. सगळ्या खाडीची उंची कॉम्प्युटरमध्ये चौकटी-चौकटींनी भरलेली असते. ठिगळं जोडलेली गोधडी असते ना, तशी. पण आपल्याला फक्त तुमच्या गावापुरती हवी. मग गावाची रेघ तिच्यावर ठेवायची आणि बाहेरचं कापून टाकायचं."

"कापलेला कुटं जातो?"

"कुठेच नाही. पांढरं होतं."

"मंग आमच्यावर कात्री चालवताना हात सांबाळा हां."

"आणि हात थरथरला तर?"

"ते... कोनाच्या आठवनीनं थरथरतोय त्याच्यावर हाय."

तिला ठसका लागला. त्याने घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला, बोटं बोटांना लागली, आणि दोघांनीही ग्लास सोडून दिला. टपरीवाल्याने न बोलता दुसरा ग्लास ठेवला. प्रेम म्हणायची हिंमत दोघांपैकी कोणाला झाली नव्हती, पण एक ग्लास मात्र फुटला होता.

ज्या दिवशी तांबडखार कापायचं होतं त्या दिवशी सुनयना सकाळपासून खुर्चीला चिकटली होती. बारीक चौकटी घेतल्या की मशीन संध्याकाळपर्यंत कुंथत बसायचं, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसल्याने त्याला सोडून उठताही यायचं नाही. पावणेचार वाजत आले. खिडकीतून टपरी दिसत होती... आणि ती मोटरसायकलही. सुनयनाने क्षणभर ओठ चावला. मग चौकटी मोठ्या केल्या. मोठ्या चौकटींनी काम चुटकीसरशी झालं. एवढ्याशा गावाला काय फरक पडतोय, असं मनाशी म्हणत ती जिना उतरली. त्या दिवशी चहा फार गोड लागला.

रविवारी समाजमंदिरात नकाशा लावला. तिचे साहेब श्यामसुंदर गावकऱ्यांना सगळं समजावून सांगत होते. हिरवं गाव, निळी खाडी, तांबडी रेघ. बायाबापड्या पुढे येऊन आपापलं घर शोधत होत्या, सापडलं की खुदकन हसत होत्या. धनेशची आई यशोदाबाई नकाशाच्या कडेशी उभी होती. तिचं बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

"आमचा घर कुटं हाय?"

सुनयनाने वाकून बघितलं. ती चिंचोळी पट्टी पांढरी होती. रेघ जागेवर होती, पण रेघेच्या आत नऊ घरांच्या जागी काहीच नव्हतं.

"ते... हद्दीच्या बाहेर असेल," ती पुटपुटली. का म्हणाली, तिचं तिलाही कळलं नाही.

"भायेर?" यशोदाबाईने वळून तिच्याकडे बघितलं. "चाळीस वर्सं रांदतंय मी त्या घरान, बाय."

मागून कोणीतरी खदाखदा हसलं. "धनेश, येवढा चा पाजलास म्याडमला, अन फायदा काय झाला रं?"

सगळं समाजमंदिर हसलं. धनेश हसला नाही. त्याने सुनयनाकडे बघितलं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. हा चहा, ही थट्टा, हे रोजचं वाट बघणं... एका घरासाठी होतं? तिने मान फिरवली. बाहेर बांधाजवळ त्याने तिला गाठलं तेव्हा तिचा सातारा जागा झाला होता.

"रेघ हलवायची असंल तर तसं सांगायचं होतं की सरळ! एवढं गोड बोलायची गरज नव्हती."

धनेशचा चेहरा उतरला.

"रेघ खरी आसंल तर तशीच ठेव," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो तिच्याशी एकेरीत बोलला होता, आणि तेही अशा वेळी. "माझ्यासाठी येक बोटभर पन हलवू नको. मी चा प्यायला येत होतो. घर मागायला नाय."

तो निघून गेला. जाताना त्याने मोटरसायकल सुरूही केली नाही, नुसती ढकलत नेली. सुनयनाला वाटलं, आपण धावत जावं आणि त्याला थांबवावं. ती जागची हलली नाही.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. रेघ पुन्हा तपासली. बरोबर होती. मग तिने रेघेखालच्या चौकटी पडद्यावर ठळक करून बघितल्या आणि डोक्याला हात लावला. कात्री चौकट अर्धी कापत नाही. चौकटीचा मधला ठिपका रेघेच्या आत असेल तर अख्खी चौकट राहते, बाहेर असेल तर अख्खी जाते. त्या चिंचोळ्या पट्टीवर मोठ्या चौकटींचे ठिपके पाण्यात पडले होते. नऊ घरं त्या चौकटींसकट गेली होती. बारीक चौकटी घेतल्या असत्या तर हे झालंच नसतं, आणि का घेतल्या नाहीत हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

चूक सापडली म्हणून तिला हायसं वाटलं, पण ते जेमतेम एक घोटभर. दुपारी अहवाल जायचा होता. आता तिने ती घरं आत घेतली तर गाव काय म्हणेल? चहा पाजला आणि घर मिळवलं! धनेशला जन्मभर तेच ऐकावं लागेल. पुढेमागे कोणी तक्रार केली तर दुरुस्तीच रद्द होईल, आणि घरं कायमची जातील. नाही घेतली तर... यशोदाबाईचं ते पुढेमागे होणारं बोट तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तांबडखारची माणसं तक्रार घेऊन आली होती. पुढे पंचायतीतले शिवादादा, मागे यशोदाबाई, आणि सगळ्यात मागे, दाराशी, धनेश. त्याने आत बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

श्यामसुंदर साहेबांनी सगळ्यांना बसवलं. "सुनयना, ह्यांचं म्हणणं आहे की नऊ घरं गेली कुठे. सांग त्यांना."

सुनयना उभी राहिली.

"चूक माझी आहे, सर. रेघ बरोबर आहे. कापताना मी चौकटी फार मोठ्या घेतल्या. काम लवकर उरकायचं होतं म्हणून. बारीक चौकटींनी पुन्हा कापायला हवं."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. ते चिडले होते, पण पाहुण्यांसमोर त्यांनी राग गिळला. "मग बस आणि कर. अहवाल थांबवतो संध्याकाळपर्यंत."

"मी नाही करणार, सर. मोनालीने करावं. आणि गावातलं कोणीतरी तिच्या शेजारी बसावं."

"का? तुझा हात बसलाय ना त्याच्यावर?"

"म्हणूनच नको."

"म्हंजे काय, म्याडम?" शिवादादा पुढे झुकले. "आमाला समजंल असं सांगा."

मोनालीने खोकायचंही बंद केलं होतं. पळून जावं असं सुनयनाला फार वाटलं. पण आज ती गप्प राहिली असती तर उद्या सगळं गाव बोललं असतं.

"कारण उद्या कोणी म्हणायला नको की नकाशा बघून नाही, माणूस बघून घरं आत घेतली. त्या नऊ घरांतलं एक घर... माझं व्हावं असं मला वाटतं. मनापासून वाटतं. म्हणून त्या कामाला माझा हात लागू नये."

दाराशी धनेशचं तोंड उघडं राहिलं होतं. श्यामसुंदर साहेब विनाकारण चष्मा पुसू लागले.

यशोदाबाई मात्र शांतपणे उठली. पदर खोचत तिने विचारलं, "कंचा घर?"

"अं?"

"नऊ घरांन सात पोरं लग्नाची हान, बाय. कंचा घर, ते नीट सांग. नायतर उगाच भांडनं लागतील."

हसू फुटलं, पण त्यात रविवारची बोच नव्हती. सुनयनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने धनेशकडे बघितलं आणि मग नजर न हटवता म्हणाली, "चौथं."

"बरं," यशोदाबाई म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. तिच्या मनात काय चाललंय, कोणालाच कळेना.

मोनालीने मशीन सुरू केलं. तिच्या एका बाजूला शिवादादा बसले, दुसऱ्या बाजूला यशोदाबाई. शिवादादांनी नियमच घातला, "ज्यांचा घराशी संबंध हाय त्यांनी भायेर." यशोदाबाईला उठवायची त्यांची छाती झाली नाही. धनेश आणि सुनयना मात्र जिन्यावर जाऊन बसले, दोघांत एक पायरी सोडून.

"येवढी मोठी गोष्ट..." धनेश शेवटी म्हणाला, "आदी मना सांगायची ना. माझ्या आदी साहेबाला कळली."

"तू तरी कुठे सांगितलीस?"

"सांगनार होतो. रविवारीच, नकाशा बगून झाल्यावर. मंग घरच गेला. तेच्यानंतर बोललो असतो तर तुला वाटला असता, घरासाठी बोलतोय."

"मला न बोलताच तसं वाटलं." तिने बोटाने पायरीवर रेघ ओढली. "रविवारी जे बोलले, ते... लई वाईट बोलले मी."

"लई," तो म्हणाला. मग सोडलेल्या पायरीवर सरकला. "म्हनूनच पुन्ना बोल. चांगला बोल."

"ते आत सगळ्यांसमोर बोलले ना!"

"साहेबाला बोललीस. मना नाय."

तिने त्याच्याकडे बघितलं, हसली, आणि मग हळूच म्हणाली. काय म्हणाली ते त्या दोघांपुरतंच राहू दे.

उन्हं कलली तरी आत मशीन घरघरत होतं. मध्येच लाइट लुकलुकली तेव्हा दोघंही अर्धवट उठले. मग घरघर पुन्हा ऐकू आली आणि जीव भांड्यात पडला.

"धनेश, आणि नाही आली घरं तर? मधला ठिपका पाण्यातच पडला तर?"

"मंग घर हलंल. जिथं नेतील तिथं मांडू. खाडी नाय दिसनार पडवीतून. तरी येशील...?"

"येईन," ती म्हणाली. विचार करायला तिला वेळच लागला नाही. "आबांना समजवायला मात्र तुला यावं लागेल. ते सहजासहजी ऐकणारे नाहीत."

"तुजा आबा गोनी उचलतो ना?" धनेशने काळजीने विचारलं. "मना पन उचलून टाकंल?"

ती हसत होती, तोच दार उघडलं. यशोदाबाई चौकटीत उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. सुनयना उठून उभी राहिली.

यशोदाबाईने लेकाकडे बघितलंसुद्धा नाही. तिने सुनयनाचा हात धरला, घट्ट, आणि तिला दारातून आत ओढलं.

"चल ये, बगून घे," ती म्हणाली. "तुजा घर आला नकाशान."