न्हान मावशींचं पातेलं

न्हान मावशींच्या टपरीला सील लागून आठवडा झाला होता. येणारेजाणारे त्यांच्या दारात थुंकून पुढे जात होते.

शेजारची सात वर्षांची त्राम इस्पितळात होती. तिच्या रक्तात शिसं सापडलं होतं. रोज दुपारी ती मावशींकडे गवती चहा घालून उकडलेल्या गोगलगाई खायची. त्या गोगलगाई गावच्या तळ्यातल्या. त्यांची तपासणी झाली, त्या निर्दोष निघाल्या. म्हणजे विष मावशींच्या पातेल्यातलं, असं गावानं ठरवून टाकलं.

"पातेलं फोडून बघा हवं तर," मावशी म्हणाल्या. "पण मी पोरीला विष घातलं म्हणू नका. मला ते नाव घेऊन मरायचं नाही."

खाजगी तपासनीस दिएपने टपरीमागची कचऱ्याची टोपली उपडी केली. चोखून खाता याव्यात म्हणून गोगलगाईंची टोकं शिजवण्याआधी पकडीने छाटतात. त्या टोकांचा ढीग खाली पडला. सगळी पांढरट, खडूसारखी झिजलेली.

"ताई, पोरगी तिकडे तळमळतेय आणि तू कचरा चिवडतेस?" तिचा सहायक थुआन वैतागला.

"पिशवी धर."

तपासणीतून उरलेला नमुना चौकीत बर्फावर होता. हवालदारासमोर दिएपने एक गोगलगाय फोडून तिचं पोट चिरलं. आत काहीच नव्हतं.

"नमुना काढला कोणी?"

"लुओंगसाहेबांनी. तळ्याचा ठेका त्यांचाच ना."

खोआत त्या तळ्यातून गोगलगाई काढून मावशींना विकायचा. तो नजर वर करेना.

"तुझ्या घरी खातात का रे?" दिएपने विचारलं.

"पोरं लहान आहेत, ताई."

"त्रामही लहानच आहे."

खोआत पाठ फिरवून चालू लागला.

तळ्याच्या काठी लुओंगची भट्टी होती. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. मागे त्याचं घर. अंगणात त्याची म्हातारी आई घमेल्यातल्या तांदळाच्या धुवणात मिरची टाकून गोगलगाई भिजवत होती.

"बघा, आमच्या घरीही याच तळ्यातल्या खातात," लुओंग हसत म्हणाला. "त्या बाईच्या पातेल्याचं बोला."

"नमुना तुम्हीच काढलात?"

"पहाटे, या हातांनी. थेट बरणीत. घरातसुद्धा शिरलो नाही."

"आजी, एक घेऊ?"

"घे की. पण रात्रभर भिजल्याशिवाय शिजवू नकोस हो, पोटातला गाळ निघत नाही."

थुआनने घमेल्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला. गोगलगाईचं टोक बोटाला टोचलं होतं.

संध्याकाळी दिएपने सगळ्यांना टपरीपुढे बोलावलं.

"थुआन, तळ्यातली गोगलगाय काय खाते?"

"गाळ."

"मग पहाटे गाळातून निघून थेट बरणीत गेलेल्या गोगलगाईचं पोट रिकामं कसं?"

थुआन घुटमळला. "भिजवल्या असतील. रात्रभर... पण भिजवतात स्वयंपाकासाठी."

"नमुन्यासाठी नाही. यांनी घरच्या घमेल्यातून ओंजळ उचलली." तिने पिशवी रिकामी केली. "ही मावशींकडची टोकं. बॅटऱ्यांचं आम्ल तळ्यात उतरतं, कवच खातं, आधी टोक. आणि ही लुओंगांच्या घरची गोगलगाय. हवालदार, टोकाला बोट लावून बघा, टोचतं. तुमच्या बर्फातल्याही अशाच आहेत. खोआत, या कुठल्या?"

"नदीपलीकडच्या शेतातल्या," खोआत पुटपुटला. "साहेब म्हणायचे, आमच्या घरी तळ्यातल्या आणू नकोस."

"म्हणजे आईला काय खाऊ घालायचं नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं," दिएप लुओंगला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण थुआनला तिच्याकडे बघवेना. "आणि त्रामला तेच खाऊ दिलंत. वर तिच्या रक्तातल्या शिशाचा आळ या बाईच्या पातेल्यावर घातलात."

"भिजवल्यावर, उकळल्यावर सगळं निघून जातं," लुओंग म्हणाला.

"गाळ जातो. शिसं मांसात मुरलेलं असतं, ते कशानंच जात नाही. हेही तुम्हाला ठाऊक होतं."

हवालदाराने लुओंगच्या दंडाला धरलं आणि खोआतलाही बरोबर घेतलं. मग एका शिपायाला सील काढायला सांगितलं.

"राहू दे ते," मावशी म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं, तरी वाढलं मीच. रक्त एकट्या त्रामचं तपासलंय. माझ्याकडे सगळी शाळा खायची."

त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"चल दिएप. मी घरं दाखवते, तू समजावून सांग. दार लावून घेतील, शिव्या देतील. तरी प्रत्येक पोराचं रक्त तपासून घ्यायचं."