पालखी आणि बंद काच

शिमग्याच्या बंदोबस्तात उपनिरीक्षक दीपाली आधीच थकून गेली होती. त्यात पूर्णगडजवळच्या वाडीतून फोन आला. पालखीतला देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला होता.

पालखी दुपारी सुजयच्या नव्या बंगल्यात विसावली होती. गावकरी जेवायला गेले, तेव्हा तिच्याजवळ दोघेच उरले. सुजय आणि त्याच्याच भावकीतला म्हातारा धाकू. पहिल्या खांद्याचा मान धाकूच्या घराचा. सुजय चोर म्हणून त्याचंच नाव घेत होता. चोर ठरला तर तो मान जाणार, या धास्तीने धाकू पार खचला होता.

दिवाणखान्याला समुद्राच्या बाजूने नवीकोरी काच होती, बाकी सगळं काँक्रीट. बाहेर रखरखीत ऊन, आत झळसुद्धा नाही. दीपालीने काचेचं दार ओढलं आणि ठाण्याशी फोनवर चाललेलं बोलणं तुटलं. कंटाळून ती अंगणात गेली, तिथून बोलणं पुरं केलं आणि आत परतली.

"धाकूबाबा, तुम्ही कुठे होतात?"

"पालखीशेजारीच. डोळा लागला माझा, बाय. तेवढीच चूक."

"आणि सुजय?"

"झोपलेल्या माणसाला काय ठाऊक?"

सुजय सकाळीच मुंबईहून आला होता. त्याचं उत्तर तयार होतं.

"मी याच खोलीत होतो, बायकोशी फोनवर. वळून बघतो तर मुखवटा गायब."

"दार उघडं असेल. कोणी बाहेरचा..."

"छे. एसी चालू होता, सगळं घट्ट बंद. आत आम्ही दोघंच."

"फोन वायफायवर?"

"वायफाय अजून बसायचंय. मोबाईलवरच, चांगला निवांत बोललो. बायकोला विचारा."

मुंबईतल्या बायकोनेही दीपालीला फोनवर तेच सांगितलं.

दीपालीने गावचे प्रमुख, गावकर आप्पा, आणि बाकी गावकऱ्यांना आत बोलावून दार लावलं.

"सुजय, लावा बायकोला फोन."

त्याने दोनदा लावून पाहिला. लागला नाही.

"या काचेवर धातूचा थर असतो, डोळ्यांना न दिसणारा," ती थकल्या आवाजात म्हणाली. "उजेड आत येतो, उन्हाची धग अडते आणि मोबाईलची रेंजही अडते. इथली रेंज मुळातच तोळामासा. दार बंद होतं आणि तुम्ही निवांत बोललात, तर तुम्ही बाहेर होतात. धाकूबाबांना डुलकी लागली, तुम्ही मुखवटा उचललात. बाहेर लपवताना बायकोचा फोन आला आणि तोच तुम्ही पुरावा म्हणून पुढे केलात. आप्पा, धाकूबाबांचा मान गेला असता तर कुणाकडे आला असता?"

गावकर आप्पांनी मान खाली घातली. "सुजयच्या घराकडं."

"मागच्या कुंपणाच्या गडग्यात आहे, चिऱ्याआड," सुजय पुटपुटला.

मुखवटा आला, पुसून पालखीत बसवला. पण धाकू जागचा हलला नाही.

"सुजयनं माझं नाव घेतलान, नि माझ्यासाठी गावातला एक पण बोलला नाय," तो म्हणाला.

पालखीला हात लावायची कुणाची छाती होईना. शेवटी धाकूच उठला आणि पालखी अंगणात आली.

मागोमाग बाहेर आलेल्या दीपालीचा फोन पुन्हा वाजू लागला, ठाण्यावरून. ती आत गेली, दार ओढलं आणि खुर्चीत बसली. फोन गप्प झाला. काचेपलीकडून पालखी निघाली होती. पहिला खांदा धाकूचा होता आणि तो कुणाशीही बोलत नव्हता.