केरबाच्या खोलीचं पत्र

सांगलीत विश्रामबागच्या चौकात त्या दुपारी रिक्षा एकच होती, आणि तिच्यात तो आधीच बसलेला — मांडीवर हे एवढं पुठ्ठ्याचं खोकं. मी पलीकडून चढले. मला उशीर झालेला, आणि हा आपला दर खड्ड्याला रिक्षावाल्याला सांगतोय, हळू... जरा हळू. शेवटी मी म्हटलं, त्यापेक्षा डोक्यावर घेऊन चाललात तर लवकर पोचाल.

तो हसला. खोक्यात कॉम्प्युटर आहे म्हणाला. आम्रपालीबाई म्हणून कुणी आहेत, चौदा खोल्या भाड्यानं देतात, त्यांच्याकडं बसवायचाय. फोनवर फार रागावतात, साठीच्या तरी असतील.

"सत्तरीच्या," मी म्हटलं. "उतरा. घर आलं."

एकोणीसशे सत्त्याण्णवचा फेब्रुवारी होता, आणि आम्रपालीबाई, म्हणजे मी, चोवीस वर्षांची होते.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून पेन्शनीत आले तेव्हा त्यांनी या खोल्या बांधल्या. पुढं भाडं, पावत्या, गळके नळ, भांडणं, सगळं माझ्याकडं आलं आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. पण आता आबा म्हणू लागले होते, लेक आज ना उद्या सासरी जाणार, त्यापेक्षा कारभार चुलतभावाला देऊ. हा चुलतभाऊ कृष्णात. त्यानं आजवर एका भाडेकरूला पाणी आलं का विचारलेलं नाही. मी हट्टानं कॉम्प्युटर घ्यायला लावला. आबांनी मुदत घातली : मार्चअखेर कारभार त्यात नीट बसला तर किल्ल्या माझ्या, नाहीतर कृष्णातच्या.

आणि कारभार बसवणार कोण, तर साताऱ्याहून आलेला हा कुणाल. काम चार दिवसांचं होतं.

त्याचं यंत्र म्हणे, भाडं एक तारखेला. मी म्हटलं, जन्नतबी शिवणकाम करते, ती ईदेचे कपडे दिल्यावर देते. साखर कारखान्यातला हंगाम संपल्यावर देतो. मास्तर पगार झाल्यावर देतात, आणि पगार कधी होतो ते मास्तरांनाही ठाऊक नसतं. तो ऐकायचा, माझ्याकडं बघत बघत बटणं दाबायचा, आणि मास्तरांचं भाडं कारखान्याच्या नावावर जायचं. पुन्हा खोडा, पुन्हा भरा.

"तुमच्या यंत्राला माणसं कळत न्हाईत," मी वैतागून म्हणायची.

"मला कळतात थोडीथोडी... कुणी शिकवलं तर."

लाईट गेली की आम्ही पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसायचो. वाऱ्यावर हळदीचा वास यायचा, उन्हाचा कवडसा त्याच्या मनगटावर चढायचा, आणि मी मुद्दाम दुसरीकडं बघायची. चार दिवसांचे तीन आठवडे झाले. रोज वाटायचं, उद्या याला हाकलायचा. रोज उद्या यायचा, आणि त्याच्याबरोबर तोही यायचा, भांग पाडून.

मार्चची एक तारीख उलटली. पाच तारखेला सकाळी दारात एक म्हातारबा. डोक्यावर ट्रंक, काखेत वळकटी, हातात छापील पत्र.

"आवं ताई, वळखलं का? मी केरबा, आष्ट्याचा. खोली तीन अजून माज्याच नावानं चालू हाय म्हनं. लय बरं केलंसा. लेकाकडं मला करमत न्हवतं."



आमच्याकडं खोलीला पहिल्या भाडेकरूचं नाव लागतं, ते लागतंच. केरबा खोली सोडून अकरा वर्षं झाली, तरी ती केरबाची खोली. वहीतही पानावर वर तेच नाव, खाली त्याच्या गावचा पत्ता. शाई वाळली, माणसं गेली, नावं तेवढी मागं राहिली. आणि कुणालनं वहीतलं जसंच्या तसं भरून, मला खूश करायला, न विचारता, 'खोली तुमच्या नावानं चालू आहे' अशी चौदाच्या चौदा पत्रं त्या पत्त्यांवर टपालात टाकली होती.

तीन नंबरच्या दारात जन्नतबी गळ्यात टेप घालून उभी. मी कुठं जाऊ, ती विचारत होती. आबा बाहेर आले. कृष्णातलाही नेमकं तेव्हाच सायकलवरून यायचं होतं.

"चूक कुणाची?" आबांनी विचारलं.

"माझी," कुणाल म्हणाला. "ताईंचा काही संबंध नाही."

मला फक्त गप्प राहायचं होतं. एवढं केलं असतं तर किल्ल्या माझ्या होत्या. पण तो ओशाळून चपलेच्या अंगठ्याकडं बघत उभा होता... आणि माझ्यानं राहवेना.

"न्हाई आबा. वहीतली नावं जुनी हायत, हे मीच त्यांना सांगितलं न्हाई. वहीत आहे तसं भरा, असं वर मीच म्हटलं."

 आबा कृष्णातकडं वळले. "तू सांग. तीन नंबरला कोण राहतं?"

"केरबा," कृष्णात छातीठोकपणे म्हणाला. "सगळ्यांस्नी ठावं हाय की."

"मग सात वर्षं इथं शिवण कोण मारतंय रं?" जन्नतबी म्हणाली. "माझं भूत?"

आबांनी कपाळावर हात मारला. नऊ नंबर रिकामी होती, केरबाची ट्रंक तिथं ठेवायला सांगितलं. आणि आत जाता जाता म्हणाले, किल्ल्या राहू देत तिच्याकडंच. निदान खोलीत माणूस कोण आहे, एवढं तरी तिला ठाऊक असतं.

संध्याकाळपर्यंत कुणालनं चौदा नावं नव्यानं भरली. जुडगा कमरेला होता, तरी जीव थाऱ्यावर नव्हता माझा.

"झालं काम," मी म्हटलं.

"झालं." पण तो उठेना. "खरं तर... हे चार दिवसांचंच होतं. मी उगाच—"

"ठाऊक हाय."

"ठाऊक आहे? मग तुम्ही कधी—"

"अहो, काय ते बोला की एकदा. साताऱ्याची गाडी जाईल."

त्यानं घाम पुसला. "मला सांगलीला बदली मिळतेय. घ्यावी म्हणतो. तुमच्याकडं एखादी खोली..."

"एकट्या पुरुषाला आबा खोली देत न्हाईत."

"मग... दुकट्याला?"

किती परीनं मी हा प्रश्न मनात ऐकला होता. त्यात एकदाही विचारणाऱ्याच्या शर्टाला शाई लागलेली नव्हती. हसू दाबलं, आणि भीती होती ती बोलून टाकली. म्हटलं, मी साताऱ्याला येणार नाही. लग्नानंतरही कारभार माझा, किल्ल्या माझ्याच कमरेला.

"राहू देत की," तो हळूच म्हणाला. "मला आपलं दार उघडून मिळालं म्हणजे झालं."

तीन आठवड्यांत हे एकच वाक्य त्यानं न अडखळता म्हटलं होतं. मी आतल्या दाराकडं वळून आबांना हाक मारली.

"आत्ताच?" तो धडपडून उभा राहिला, खुर्ची मागं पडली. "अहो, जरा हळू..."

"मग कवा?" मी म्हटलं, आणि आबांसाठी खुर्ची सरळ करून ठेवली.