साडेसातची गोळी

मैत्रीला भर दुपारची भीती वाटेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर ती मोठ्याने हसली असती. भीमपूरच्या सरकारी शाळेत ती विज्ञान शिकवायची. आदिलाबादजवळ मावल्यातल्या तिच्या घरी दर्शनी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या होत्या. भूतबाधा, उतारा, लिंबू-मिरची असल्या गोष्टींना त्या घराच्या उंबऱ्यात जागा नव्हती. ताराबाई, तिची सासू, सत्तरीची बाई. पण कुणी अंगात आल्याचं सोंग केलं तर त्या त्याला घोटभर पाणी पाजून घरी पाठवायच्या.

एप्रिलच्या आठ तारखेला मैत्री सकाळची शाळा आटोपून बसने आदिलाबादला उतरली, औषधाच्या दुकानातून नवऱ्याच्या महिनाभराच्या गोळ्या घेतल्या आणि ऑटोने घरी आली. दीड वाजला होता. ऊन असं की गल्लीतली कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली.

हर्षदीप, तिचा नवरा, आतल्या खोलीत झोपला होता. तो कचेरीत कारकून, सध्या आजारपणाच्या रजेवर. जानेवारीत हैदराबादच्या एका दवाखान्यात त्याच्या मेंदूतल्या नसेत बारीक जाळीची नळी बसवली होती. नसेला एका बाजूने फुगा आला होता. नळीमुळे रक्त फुग्यात न शिरता सरळ पुढे जाईल, आणि फुगा हळूहळू आतल्या आत सुकत जाईल, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. मग तो कागद उलटा करून त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. नळीत रक्ताची गुठळी धरली तर अर्धांग, नाहीतर जीव. फुगा सुकायच्या आधी फुटूही शकतो. म्हणून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, रोज, न चुकता. एक दिवसही खाडा नाही म्हणजे नाही. मैत्रीने त्या कागदावर सही केली होती.

नळी बसण्याआधी हर्षदीपला डाव्या कानात आवाज यायचा. "हुश्... हुश्... कापसाच्या जिनिंगचा पट्टा फिरल्यावानी," असं तो सांगायचा. नळी बसली आणि दुसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. त्या दिवशी तो लहान पोरासारखा रडला होता.

मैत्री त्याच्या उशाशी बसली. तेवढ्यात वीज गेली. कूलर घरघरत थांबला, खोलीत वाळ्याचा ओला वास तेवढा राहिला.

हुश्... हुश्... हुश्...

आधी तिला वाटलं, कूलरचं पातं अजून फिरतंय. पातं थांबलेलं होतं. तिने नवऱ्याचं मनगट धरून नाडी पाहिली. नाडीचा ठोका आणि तो आवाज, दोन्ही एकाच तालात. अंगावर काटा आला तसा तिने त्याच्या कपाळाला कान लावला. तिथे काहीच नव्हतं. आवाज तिच्या पाठीमागून येत होता, लोखंडी कपाटातून.

त्या कपाटात हर्षदीपचे कागद असायचे. किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात.

"अहो," तिने हळूच हलवलं. "गोळ्या घेतल्या न सकाळी?"

त्याने डोळे किलकिले केले. "ते पाकीट पाह्य न. एकेक घर रिकामं हाय."

"तुमाले काही आयकू येते का... कपाटातून?"

"मले? नाई. काऊन?"

विज्ञानाच्या बाईने कपाटातून आवाज येतो म्हणून सांगायचं तरी कुणाला? उन्हाचा त्रास असेल, असं म्हणून तिने डोक्यावर ओला पदर घेतला. पण नऊ तारखेला आवाज आला, दहाला आला, आणि रोज थोडा थोडा वाढत गेला. किल्ली तिच्या हाताच्या अंतरावर होती. एकदा तिने खिशात बोटं घातलीही, आणि आपण कपाट उघडायला निघालो याचीच लाज वाटून ती बाहेर काढली. या लाजेचा राग तिला पुढे जन्मभर पुरणार होता.

चौदा एप्रिल उजाडला. जयंतीचा दिवस, शाळेला सुट्टी. मैत्री स्वतः साडेसातला दोन गोळ्या आणि पाणी घेऊन उभी राहिली.

"विहारात वंदना झाल्याबिगर काही घेत नाई मी आज," हर्षदीप म्हणाला. पांढराशुभ्र सदरा, चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी तेज. "ठिव तिथंच."

तिने ठेवल्या. सणाच्या दिवशी कुठे वाद घालायचा?

दुपारी बाराच्या सुमारास ती खिरीचं पातेलं घेऊन विहारात गेली. मागच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर होतं, दरवर्षीसारखं. हर्षदीपने सलग चोवीस वर्षं तिथे रक्त दिलं होतं, कार्डं एका फाइलीत लावून ठेवली होती. यंदा अर्थातच नाही, हे तिने गृहीत धरलं होतं. आणि तो तर खुर्चीवर बसलेला, कोपराच्या घडीत कापूस दाबलेला, हातात बिस्किटाचा पुडा.

मैत्रीने पातेलं तिथेच जमिनीवर ठेवलं.

"गोळ्या किती दिवसांपासून बंद?" एवढंच तिच्या तोंडून आलं.

"सातच दिवस," तो ओशाळून हसला. "फारमवर इचारते न, सात दिवसांत कोणती गोळी घेतली का... पंचशील म्हणून आल्यावर त्या हातानं खोटं कसं लिव्हू, मैत्री? म्हून बंद ठेवल्या. पंचविसावं वर्ष होतं वं..."

कधीच खोटं न बोलणारा माणूस. तिला आता आठवलं, 'घेतल्या' असं तो एकदाही म्हणाला नव्हता. ऑपरेशनच्या रकान्याचं काय केलं, हे तिने विचारलं नाही. मांडीतून नळी घातली, डोकं चिरलं कुठे, असं त्याने मनाला पटवलं असणार.

"उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात..."

त्याच्या उजव्या हातातून बिस्किटं गळाली. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, नुसती हवा बाहेर आली. आणि त्याच क्षणी, माणसं धावत असताना, मैत्रीला तो आवाज स्पष्ट ऐकू आला. रक्ताच्या पिशव्या ठेवलेल्या बर्फाच्या पेटीतून. हुश्... हुश्... रक्तपेढीचा माणूस, चंपत, ती पेटी उचलून गाडीकडे चालला होता, आणि आवाज त्याच्याबरोबर चालला होता.

पंधरा तारखेला पहाटे हर्षदीप गेला. जाळीत गुठळी धरली होती.

घर शांत झालं. इतकं शांत की मैत्रीला त्या आवाजाचीही आठवण यायची. चौथ्या दिवशी तिने कपाट उघडलं. कचेरीचं खाकी पाकीट, त्यात सात पुड्या. प्रत्येक पुडीत दोन गोळ्या, वर त्याच्या वाटोळ्या अक्षरात तारीख, सात एप्रिल ते तेरा एप्रिल. आणि एक चिठ्ठी: 'दि. १५ पासून पूर्ववत.'

ताराबाईंनी पाकीट पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं. "रोज साडेसातले मले इचारे वं... 'माय, मैत्री गेली का शाळेत?' मी म्हणो, 'गेली रे, गेली.' मंग तो आत जाये. मले काय माईत तो काय करून राह्यला..."

एकवीस तारखेला, अशाच जळत्या दुपारी, चंपत दारात उभा राहिला. पाणी प्यायला, पण पेला खाली ठेवेना.

"मॅडम, सांगू का नको, समजत नाई. सरांची पिशवी पंधरालेच एका बाईले लागली. उटनूरकडची बाई, जंगलातल्या गुड्यावरची, गोंडांच्या वस्तीतली. बाळंतपणात लई रक्त गेलं, वरतून बीपी. तिले गोंडी येते, थोडं तेलुगु. मराठी एक शब्द नाई." त्याने पेला या हातातून त्या हातात घेतला. "सोळापासून रोज साडेसातले ती दाराकडं पाह्यते आन इचारते... नर्सबाईले समजे ना, मले बलावलं..."

"काय विचारते?"

"'मैत्री गेली का शाळेत?' म्हणते."

मैत्रीने त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

"गोळी हातात घेते, गिळत नाई. उशीखाली सापडल्या." त्याने खिशातून सहा पुड्या काढल्या. वाटोळं अक्षर. सोळा ते एकवीस. "अंगठा लावते ती, मॅडम. लिव्हता येत नाई तिले. डॉक्टर म्हणते बीपी चढून राह्यला, अशानं जाईल. लेकरू सहा दिवसाचं हाय."

मैत्रीने पुड्या मोजल्या. उद्या सातवी.

बावीस तारखेला ती शाळेत गेली नाही. सव्वासातला दवाखान्यात पोचली. खाटेवर विशीची एक पोर, कुशीत बाळ, कपाळावर घाम. साडेसातला तिची मान दाराकडे वळली. ओठ हलले, आवाज तिचाच, बारीक आणि दमलेला.

"मैत्री गेली का शाळेत?"

"नाई गेली," मैत्री म्हणाली. "मी हितंच हावो. गोळी घ्या. माह्यासमोर."

पोर तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि चोरी पकडल्यागत ओशाळून हसली. ते हसू मैत्रीच्या ओळखीचं होतं. तिने तिचा हात धरला आणि इतक्या दिवसांचं रडू तिथे मोकळं केलं.

संध्याकाळी चंपतचा फोन आला. बीपी उतरला होता, बाई गोंडीत बोलून बाळाला जोजवत होती. "पुडी नाई सापडली आज," तो म्हणाला. "एक चिठ्ठी होती फक्त. त्याच अक्षरात. 'दि. २३ पासून पूर्ववत.'"

तेवीस तारीख म्हणजे शाळेचा शेवटचा दिवस, मुलांना प्रगतिपत्रकं द्यायची. मैत्री पहिली बस सोडून उशिराच निघाली. चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली, दार ओढून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी पोचली असेल, तोच चष्मा राहिल्याचं आठवून ती परत फिरली. साडेसात वाजत होते. दाराच्या कडीला हात लावला आणि ती जागच्या जागी थांबली.

आत ताराबाई एकट्याच होत्या. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता, नेहमीच्या आवाजात त्या कुणाला तरी सांगत होत्या,

"गेली रे, गेली."