पानाच्या कागदात थेंबाची वडी

"माझ्या साबणानं माणूस मेलं," असं म्हणून ती बाई खुर्चीत बसली. तिच्या हातांना सोड्याचे जुने चट्टे होते.

भावोजींनी पेपरातलं कोडं बाजूला ठेवलं. खासगी तपासाचं काम वहिनींचं. भावोजी त्यांचे धाकटे दीर. निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या सोबत हिंडायचे आणि ज्याच्यावर संशय घ्यायचे तो हटकून निर्दोष निघायचा.

"नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

साबणवालीच्या मागच्याच गल्लीत गाण्याच्या बाई राहत. त्यांना बदाम वैरी होता. कणभर पोटात गेला किंवा अंगाला लागला तरी श्वास कोंडायचा. परवा सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात कोसळल्या आणि गेल्या. डॉक्टरांनी बदामाचंच निदान केलं. आत साबणदाणीत वडी होती, शेजारी तिचा कागद. कागदावरच्या घटकांत बदामाचं नाव नव्हतं आणि वडीत मात्र बदामतेल निघालं.

"कायदा सरळ आहे," साबणवाली म्हणाली. "जे जे घातलं ते लेबलवर लिहायचं. जास्तीचं आधी, कमीचं नंतर. खाली बनवणाऱ्याचं नाव. नाव माझं आहे. पोलीस निरीक्षक म्हणतात, लेबल खोटं, म्हणजे मरण माझ्या माथी."

"तुम्ही बदामाचा साबण करता?"

"दोन्ही करतो. रंग एक, आकार एक. साध्या वडीवर पानाचा शिक्का, बदामाच्या वडीवर थेंबाचा. तिथं थेंबाची वडी पानाच्या कागदात होती."

"वासावरून कळलं नसतं?" भावोजींनी विचारलं.

"आम्ही अत्तर घालत नाही. बदामतेलाला वास कसला? नाकाशी धरा, नुसत्या साबणाचाच वास येईल." ती थांबली. मग मान खाली घालून म्हणाली, "कागद गुंडाळायचं काम माझ्या जावेचं आहे. गेले काही महिने आमचं पटत नाही."



चौकीत निरीक्षकानं पुरावा टेबलावर मांडला. वडी भिजून सुकली होती, पण थेंबाची कड नखाला टोचेल इतकी रेखीव होती. वहिनींनी कागद उलटा करून खिडकीशी धरला. आतल्या बाजूला तेलकट डाग होता. भावोजींना तो नुसता डागच दिसला.

"कागद आहे, तेल पिणारच," ते म्हणाले.

"पिणारच," वहिनी म्हणाल्या आणि बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिल्या.

साबणाच्या कारखान्याला, म्हणजे घरामागच्या दोन खोल्यांना, लेबलं तपासणाऱ्या खात्यानं कुलूप लावलं होतं. धाकटी जाऊ पायरीवर बसली होती. तिचा चेहरा रात्र रात्र न झोपलेल्या माणसाचा होता.

"बाईंना वडी मीच दिली," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात, निळी पिशवी घेऊन आल्या होत्या. लेबल मोठ्यानं वाचायच्या, मगच घ्यायच्या. मीही त्यांच्यासमोर शिक्का बघून कागद गुंडाळायची. त्यांच्या बाबतीत मी कधी चुकले नाही."

"आणि थेंबाच्या वड्या कुणी नेल्या?"

तिची बोटं पदराशी चाळा करू लागली. "कुणाकुणाला काय विकलं, कसं लक्षात राहणार?"

बाहेर पडताच भावोजी म्हणाले, "वहिनी, हिच्या पोटात काहीतरी आहे."

"आहे. पण ते पाप आहे की भीती, ते बघायचं."

गाण्याच्या बाईंच्या घराचे सगळे पडदे ओढलेले होते. त्यांचा भाचा अदबीनं सामोरा आला. आईवडिलांच्या मागे आत्यानंच त्याला वाढवलं होतं. घर गाण्याच्या शाळेला द्यायचं आणि भाच्यानं आपली सोय बघायची, असं आत्यानं अलीकडेच ठरवलं होतं. हे त्यानं स्वतःच सांगितलं आणि म्हणाला, "तिची इच्छा. मी काय बोलणार?"

"त्या सकाळी काय झालं?"

"आत्या आंघोळ करून बाहेर येता येता कोसळली. मी धावलो, तर न्हाणीघरभर बदामाचा वास. तेव्हाच मनात चर्र झालं. ती साबण करणारी माणसं, दुसरं काय."

स्वयंपाकघरात घरकामाच्या मावशी भांडी आवरत होत्या. वहिनी त्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलल्या.

"त्या दिवशी वाळत घालायला टॉवेलसुद्धा नव्हता," मावशी डोळे टिपत म्हणाल्या. "मला मेलीला वाटलं, बरं झालं, काम वाचलं. आत जाऊन बघते तर हे."

"बाई सकाळी काय घ्यायच्या?"

"रियाजाआधी चमचाभर मधाचं चाटण, गळ्यासाठी. तेही नासलं म्हणून दादांनी त्याच दिवशी फेकलं. बरणी चांगली होती, मी कचऱ्यातून काढून घरी नेली. धुवायची राहिलीय."

"धुऊ नका," वहिनी हळूच म्हणाल्या.  का, ते भावोजींना कळेना.

दोन दिवसांनी वहिनींनी सगळ्यांना बाईंच्या गाण्याच्या खोलीत बोलावलं. पेटीवर कापड टाकलेलं होतं. दोघी जावा दोन टोकांना बसल्या. भाचा खिडकीपाशी उभा होता, निरीक्षक दाराशी.

"साबणाची वडी कागदात राहिली की तिचं तेल कागदाला लागतं," वहिनींनी सुरुवात केली. "शिक्का उठलेला असेल तर त्याचा ठसाही उमटतो. या कागदाच्या आत पानाचा ठसा आहे, शिरांसकट. म्हणजे कारखान्यातून निघाली ती पानाचीच वडी. लेबल खरं होतं. वडी या घरात बदलली गेली."

थोरल्या जावेनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं पाहिलं नाही.

"दुसरं. थेंबाची कड अजून धारदार आहे. ती वडी कुणाच्या अंगाला लागलीच नाही, नुसती भिजवून ठेवली. बाई आंघोळ करून आल्या म्हणता, मग ओला टॉवेल कुठे गेला? आंघोळ झालीच नव्हती, बाई आत जातानाच कोसळल्या. मग बदाम गेला कुठून? चाटणातून. बरणीच्या तळाशी बदामाचा बारीक कूट सापडला आहे."

"मावशींनी घातला असेल," भाचा शांतपणे म्हणाला.

"त्यांनी घातला असता तर बरणी जपून ठेवली नसती. फेकली तुम्ही. आणि न्हाणीघरभर वास आला तोही तुम्हालाच. या साबणाला बदामाचा वास येतच नाही. साबणात बदाम आहे हे तुम्हाला तपासणीआधी माहीत होतं. नाकाला कळलं, असं दाखवायला गेलात आणि तिथंच फसलात."

मग त्या धाकट्या जावेकडे वळल्या. "बाईंची निळी पिशवी तुम्हाला आठवते आणि थेंबाची वडी कुणी नेली ते आठवत नाही?"

धाकटीनं भाच्याकडे बोट केलं. "यांनीच नेली," ती म्हणाली. "मला हवीय, म्हणाले. मी दिली. मग बाई गेल्याचं कळलं आणि वाटलं, यांच्या वडीनंच घात झाला. घरात बदाम चालत नाही हे ठाऊक असून मी दिली कशी? म्हणून गप्प बसले."

भाच्यानं नाकारलं नाही. "तिनं मला वाढवलं आणि तिनंच बाहेर काढलं," एवढंच तो बोलला. निरीक्षकानं त्याचा दंड धरला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची अदब तशीच होती. भावोजींना त्या अदबीचीच जास्त भीती वाटली.

"मला तर शेवटपर्यंत या जावेचाच संशय होता," ते वहिनींच्या कानाशी पुटपुटले.

खोली रिकामी होत आली. थोरली उठून धाकटीपाशी आली. "चल घरी. उद्या कुलूप निघेल. मिश्रण तसंच पडलंय."

धाकटी बसूनच राहिली. वहिनींकडे बोट करून तिनं विचारलं, "ताई, यांच्याकडे गेलात तेव्हा माझं नाव घेतलंत?"

थोरलीनं वहिनींकडे पाहिलं. वहिनी पायात चप्पल सरकवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"घेतलं," थोरली म्हणाली.

धाकटीनं मान डोलावली. मग उठली, दारापर्यंत गेली आणि घराकडे न वळता विरुद्ध बाजूनं, माहेरच्या रस्त्याला लागली. थोरली उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिनं हाक मारली नाही.